चव्हाटा सोडताना

१२ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

दुकानात हे पाकीट आलेलं पाहून तुझे बाबा काहीबाही विचारतील. विचारू देत. सायकलच्या दुकानाचा हा पत्ता तूच पाठवलेल्या पार्सलवर होता, माझ्या भाचीच्या सायकलची घंटा आली होती त्यात. फोनमधून मी आपला तो वादांचा गट, 'चव्हाटा', काढून टाकलाय, आणि तुझा नंबरही. आता उलट उत्तर द्यायचं तर तुला पेन शोधावं लागेल. तेवढा तरी विचार करायला वेळ मिळेल.

एकच सांगायचं आहे. तो मजकूर काढ. पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ता काढ आणि मग पुढे वाच.

तू म्हणशील, मी कुठे तुझं नाव टाकलं? नाही टाकलंस. पार्सलमुळे माझं खरं नाव तुला माहीत होतं, तरी टाकलं नाहीस, एवढं मान्य. पण मी रडत रडत, फक्त तुला म्हणून जे लिहिलं होतं, ते तू उचलून सगळ्यांपुढे चिकटवलंस. वर मथळा दिलास, 'आज चव्हाट्याने एका आईला तिचा हक्क मिळवून दिला.' आणि माझे शब्द जसेच्या तसे ठेवलेस, 'निळ्या जिराफाच्या भिंतीमागची खेळण्यांची खोली' हेसुद्धा. आमच्या गावात भिंतीवर निळा जिराफ रंगवलेली पाळणाघरं किती असतील असं तुला वाटतं? संध्याकाळच्या आत कुणीतरी पाळणाघराचं नाव लिहिलं. मग कुणीतरी फोन नंबर. मग फोटो.

गेली काही वर्षं आपण रोज तिथे भांडत आलो. बसमध्ये जागा द्यावी लागू नये म्हणून झोपेचं सोंग घेणारा जास्त वाईट की उघड नाही म्हणणारा. मित्राने परीक्षेत कॉपी केली तर सांगावं का. आईबाबांचे निरोप चोरून वाचणं कधी माफ आहे. तू मुद्दे मांडायचास, मी शंका काढायचे, बाकीची पोरं टाळ्या वाजवायची. मला ते आवडायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसल्यावर कुणीतरी आपल्याला 'तुझं मत काय' असं विचारतं, हे मला फार आवडायचं. म्हणून तर आईला सांगावं की नाही हा प्रश्न मी तिथे नेला. 'समजा, एका पाळणाघरात...' अशी सुरुवात करून. समजा! म्हणे समजा.

त्यात समजण्यासारखं काही नव्हतं. भुंगा आमच्याकडचं अडीच वर्षांचं पोर आहे. सारखं गुणगुणत असतं म्हणून मोठ्या मावशीनेच त्याला ते नाव दिलं. मोठी मावशी ही आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, मी तिच्या हाताखाली शिकले. त्या दुपारी तिने मुलांना अंगणातून आत घेतलं आणि खेळण्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. भुंगा आतच, गाड्यांच्या ढिगामागे. मी बाळांच्या खोलीत होते. झोपायच्या वेळी त्याची गादी रिकामी दिसली तेव्हा शोधाशोध झाली. कडी काढली तर तो दाराशीच बसला होता, घामाने भिजलेला. रडत नव्हता. रडून संपला होता.

मावशीने त्याचं अंग पुसलं, कपडे बदलले, पाणी पाजलं. संध्याकाळी त्याची आई आली तेव्हा म्हणाली, "आज जरा किरकिरा आहे हं." मी शेजारी उभी होते.

बाकी तुला ठाऊक आहे. ठाऊक आहे असं तुला वाटतं.

मजकूर काढ.

तुझी
शंकेखोर

२ मार्च

वकीलसाहेब,

तुझं पत्र मिळालं. तू पत्रातही मुद्द्यांना क्रमांक देतोस हे वाचून एरवी मी हसले असते.

मजकूर काढलास हे बरं केलंस, पण त्याला काही अर्थ उरलेला नाही. दूध सांडल्यावर पातेलं सरळ करण्यासारखं आहे ते. लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत आणि ते आता तुझ्या-माझ्या ओळखीच्या नसलेल्या ठिकाणी फिरताहेत. माझ्या ताईला ते तिच्या कचेरीतल्या बाईने दाखवले. 'बघ, कशी माणसं असतात,' असं म्हणून.

तू विचारलंस, नक्की काय काय झालं. सांगते.

आधी फोन यायला लागले. बाईंनी, म्हणजे पाळणाघर ज्यांचं आहे त्यांनी, पहिले काही घेतले. समोरची पोरं आपल्याच वयाची, आवाजावरून कळायचं. एक जण अगदी नम्रपणे म्हणाला की त्याला फक्त दुसरी बाजू समजून घ्यायची आहे. दुसरीने मोठ्या मावशीच्या घरचा पत्ता मागितला. मग एक मुलगा फाटकाशी येऊन फोन उंच धरून उभा राहिला. पालक मुलांना घ्यायला येताहेत आणि हा प्रत्येकाला विचारतोय, तुम्हाला माहीत आहे का इथे काय झालं. मी त्याला जा म्हटलं तर त्याने फोन माझ्याकडे वळवला. मी तोंड लपवलं. का लपवलं, मलाच कळलं नाही. मीच तर सगळं सांगितलं होतं.

बाईंनी मावशीला स्वयंपाकघरात बोलावलं. भिंत पातळ आहे. बाई म्हणाल्या, मी तुम्हाला ठेवलं तर मला कुलूप लावावं लागेल. मावशीने आपला डबा घेतला, चपला घातल्या आणि मुलं झोपलेली होती म्हणून दार आवाज न करता ओढून घेतलं.

आणि भुंग्याची आई. तिचं सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते, कारण तुझा तो हक्काचा मथळा तिच्यासाठी होता ना. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते. पहिले दोन दिवस लोक मावशीला शिव्या देत होते. मग कुणीतरी विचारलं, इतकं लहान पोर टाकून ही बाई कामाला जातेच कशी? झालं, चर्चेला नवा विषय मिळाला. लहान मुलांच्या आयांनी नोकरी करावी का. मी तेव्हा चव्हाटा सोडला होता, पण मैत्रिणीने वाचून दाखवलं. दोन्ही बाजूंनी फार मुद्देसूद लिहिलं होतं म्हणे. एकाने तर औषधांच्या खिडकीवर जाऊन तिलाच विचारलं. ती आता रजेवर आहे. भुंगा आमच्याकडे येत नाही. इतरही बरीच मुलं येत नाहीत.

तुला जाहीर माफी मागायची आहे, मोठी, सविस्तर. कृपा कर आणि मागू नकोस. तुझी माफी वाचायला परत तेच सगळे गोळा होतील, आणि तुझं मन किती मोठं यावर मतं देतील.

तुझा शेवटचा मुद्दा, सातवा. 'मग तिला सांगायलाच नको होतं का?' तुला वाटत असेल मी आता म्हणेन, हो, नकोच होतं. तसं म्हणणार नाही. त्या दुपारनंतर भुंगा घरी कुठलंही दार लागलं की किंचाळत होता. आई बाथरूममध्ये गेली तरी. ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, कान तपासले, पोट तपासलं. फाटकाशी मला म्हणाली, "काय झालंय त्याला कळतच नाही गं, माझंच काही चुकतंय का?" त्या वाक्यानंतर मला गप्प बसवेना. म्हणजे तुझ्या मुद्द्यांमुळे मी सांगितलं असं नाही. मुद्दे नुसते गाठीशी होते, तिचा चेहरा समोर होता.

मी सांगितलं तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली. भुंग्याला मांडीवर घेतलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता निदान कळलं तरी." तिला कुणाला काढून टाकायचं नव्हतं. बाईंशी आणि मावशीशी बसून बोलायचं होतं, दुसऱ्या दिवशी, सुट्टी झाल्यावर. एवढंच ठरलं होतं आमचं.

त्याच संध्याकाळी मी तुला लिहिलं. रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं, म्हणून लिहिलं. दुसरा दिवस उजाडायच्या आत तू ते चव्हाट्यावर नेलंस.

माझी नोकरी आहे अजून. तू विचारलं होतंस म्हणून सांगते. मोठ्या मुलांचा वर्ग मावशीकडे होता, तो आता माझ्याकडे आहे. किल्ल्याही. बाई म्हणाल्या, आता तूच सांभाळ. मी 'बरं' म्हटलं.

शंकेखोर

२१ मार्च

वकीलसाहेब,

या वेळी क्रमांक नाहीत आणि पत्र लहान आहे, म्हणून ते दोनदा वाचलं.

किल्ल्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मला वाटलं होतं, मावशीची जागा घेतली म्हणून तू मला धरशील. पूर्वी चव्हाट्यावर कुणी असं सांगितलं असतं तर तू त्याची सालटी काढली असतीस. तुझं ते गप्प राहणं दयेचं होतं की तुझ्याच अपराधाचं, ठरवता येईना. दोन्हीचा राग आला.

मी मोठ्या मावशीकडे जाऊन आले.

ती तिच्या भावाकडे राहते, दुसऱ्या मजल्यावर. दार तिच्या वहिनीने उघडलं आणि माझ्याकडे पाहत आत हाक मारली, "ती आलीय." म्हणजे घरात मी 'ती' झाले होते. मावशी खिडकीपाशी कपडे घड्या घालत बसली होती. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

माझी कल्पना काय होती कोण जाणे. ती रडेल, किंवा मला जवळ घेईल, किंवा काहीतरी शहाणपणाचं बोलेल आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. तसलं काही झालं नाही. ती तावातावाने भांडली. म्हणाली, पोर जरासं आत राहिलं, एवढा काय डोंगर कोसळला? मी म्हटलं, मावशी, जरासं नव्हतं ते, तो घामाने चिंब झाला होता. तर म्हणाली, उन्हाळा होता. उन्हाळा नव्हता. मी नवी होते तेव्हा माझ्या हातून एका बाळाला गरम दूध दिलं गेलं होतं, ते तिने काढलं. त्याचं तोंड पोळलं होतं, तिने सांभाळून घेतलं होतं, कुणाला कळू दिलं नव्हतं. "तेव्हा तुला नाही वाटलं त्याच्या आईला सांगावं?" म्हणाली. खरं सांगू का, ती गोष्ट मी तुझ्याशी त्या विषयावर इतका वाद घातला तेव्हा मला एकदाही आठवली नव्हती.

मग घड्या घालता घालता तिचा आवाज खाली आला.

"तुला सांगायचंच होतं तर आधी मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी गेले असते तिच्याकडे. नसतेही गेले कदाचित. घाबरले असते. पण मला सांगायचं होतंस."

एवढं बोलून ती चादर घेऊन आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

वकीलसाहेब, जिना उतरताना मी आठवून पाहत होते. त्या 'समजा'खाली किती पोरांनी लिहिलं होतं. आईचा हक्क, मुलाचं भलं, संस्थेची जबाबदारी, कायदा, विश्वास. तू तर पानंच्या पानं लिहिलीस. त्यात एकानेही विचारलं नाही की ज्या बाईच्या हातून हे घडलं तिच्याशी तू बोललीस का. मीही नाही. रोज तिच्याच शेजारी बसून मी डबा खात होते, आणि फोनवर तुम्हाला विचारत होते तिचं काय करायचं ते.

तू म्हणतोस, इकडे येऊन तिची माफी मागतो. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि विचारायला ती माझ्यासमोर यायला हवी. तोवर थांब.

चव्हाट्यावर तूही जात नाहीस असं लिहिलंस. ते माझ्यासाठी करू नकोस. कदाचित तिथे आता राहायलाच हवं तुझ्यासारख्याने, पुढचा कुणी 'समजा' म्हणून आला तर त्याला 'त्या माणसाशी बोललास का' हे विचारायला.

शंकेखोर

१९ एप्रिल

वकीलसाहेब,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू नुसतं विचारलंस, 'बरी आहेस ना?' बरी आहे.

इथे एक अशी गोष्ट घडली आहे की चव्हाट्यावर कुणी सांगितली असती तर आपण दोघांनीही म्हटलं असतं, काहीतरी बनवून सांगतोय.

परवा भुंग्याची आई पाळणाघरात आली, एकटीच. त्याची उरलेली चादर आणि कपडे न्यायला. कामावर परत जातेय म्हणाली. मी विचारलं, मग भुंगा कुणाकडे? ती कपडे पिशवीत भरत म्हणाली, "मोठ्या मावशीकडे."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. ती म्हणाली, "तुलाही तेच वाटतंय ना, जे सगळ्यांना वाटेल?"

मग तिने सांगितलं. मावशी स्वतः तिच्याकडे गेली होती. मी जाऊन आले त्यानंतर काही दिवसांनी. काय बोलली ते भुंग्याच्या आईने मला सांगितलं नाही, ते त्यांच्या दोघींतलं आहे. एवढंच म्हणाली की आधी दोघी खूप भांडल्या, आणि भांडण चालू असताना भुंगा उठून मावशीच्या मांडीवर जाऊन बसला. इतर दोन ठिकाणी तिने त्याला ठेवून पाहिलं होतं, तो कुणाजवळ जाईना. "मी तिला माफ केलंय असं समजू नकोस," म्हणाली. "मला कामावर जायचं आहे, आणि माझ्या मुलाला ती हवी आहे. आणि तिच्या घरात मी सगळी दारं बघून घेतलीत. बाहेरून एकाही दाराला कडी नाही."

मी म्हटलं, मी येऊ का कधी त्याला भेटायला?

तिने पिशवीची गाठ मारली. "तू मला सांगितलंस त्याबद्दल मी तुला कधी नावं ठेवणार नाही," ती म्हणाली. "पण तू ते आणखी कुणाला तरी सांगितलंस. माझ्या लेकराची गोष्ट होती ती."

मी तुझं नाव घेतलं नाही. तू चिकटवलंस हे खरं, पण तुझ्या हातात ती मी दिली होती. दुसऱ्याची गोष्ट देताना मी तिला विचारलं नव्हतं, तसं तू मला विचारलं नाहीस. आपल्यात फार अंतर नाही, वकीलसाहेब. म्हणूनच कदाचित तुझ्यावरचा राग मला धड ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

तरी काल मी गेलेच. रविवार होता. केळी घेऊन गेले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. या वेळी दार मावशीनेच उघडलं. तिच्या खांद्यावर रुमाल होता. आत जमिनीवर गाड्या पसरलेल्या दिसल्या. सुट्टीच्या दिवशीही तो तिच्याकडेच होता, आईला दवाखान्यात जादा पाळी होती. मावशीने माझ्याकडे पाहिलं, केळी घेतली. तुझ्याबद्दल विचारायचं होतं, ते मी चार शब्दांत विचारून टाकलं. म्हणाली, त्या मुलाला म्हणावं मला कुणाची माफी नको, माझं नाव परत कुठे लिहू नको एवढंच कर. मग जरा मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. आत येऊ नकोस."

दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं. मी खाली आले. त्या दोघींनी आपापसांत काहीतरी जुळवलं आहे, आणि त्यात माझ्यासाठी जागा नाही. मला वाईट वाटलं, आणि तरी बरंही वाटलं, की भुंगा झोपतोय.

तर तू येऊ नकोस. तिच्यासाठी तर नकोच. माझ्यासाठी यायचं असेल तर आत्ता नको. कधी ते मला माहीत नाही. लिहीत राहा, जमलं तर सायकलींबद्दल लिही. तू दिवसभर काय करतोस ते मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नाही, फक्त तुला काय वाटतं तेवढंच कळलं.

आजचं एक सांगते आणि थांबते. सकाळी मुलांना आत घेताना माझ्या हातून एका मुलीचं बोट दारात सापडलं. फार लागलं नाही, पण नख काळं पडलं. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली आणि मग रडली. मी बर्फ लावला, तिला कडेवर घेऊन फिरवलं, दुपारपर्यंत ती सगळं विसरून गेली होती. बाई म्हणाल्या, खेळताना लागलं म्हण, आधीच मुलं कमी झालीत. संध्याकाळी तिचे बाबा आले. मी त्यांना पायरीवर थांबवलं आणि सांगितलं की दार मी लावलं, तिचं बोट मी पाहिलं नाही. ते खूप चिडले. आवाज चढवून बोलले, इथे काय चाललंय ते आम्ही ऐकून आहोत म्हणाले, उद्यापासून पाठवायचं की नाही ते बघतो म्हणाले. बाई आतून ऐकत होत्या. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी मुलीला उचललं आणि तिचं बोट उजेडात धरून पाहत पाहत निघून गेले.

उद्या ती येईल की नाही, माहीत नाही. माझ्या किल्ल्याही राहतील की नाही, माहीत नाही.

या वेळी मी कुणालाच विचारलं नव्हतं.

शंकेखोर